मारहाणीचा आकडा आणि ओसरीवरच्या सासूबाई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विवाहित स्त्रियांवर पतीकडून होणाऱ्या हिंसाचाराचा राज्यनिहाय तक्ता आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झाला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून, म्हणजे २०१९-२१ च्या पाहणीतून घेतलेले त्यातील आकडे बरोबर आहेत. माझी हरकत तक्त्याखालच्या मजकुराला आहे. ज्या राज्याचा आकडा लहान तिथल्या बायका सुरक्षित, आणि ज्याचा आकडा मागच्या वेळेपेक्षा वाढला तिथली परिस्थिती बिघडली, असे त्यात धरून चालले आहे. निरनिराळ्या आरोग्य पाहण्यांमध्ये आधी मुलाखतकार आणि नंतर पर्यवेक्षक म्हणून अकरा वर्षे गावोगाव फिरल्यामुळे मला तो अर्थ इतक्या सहजपणे पटत नाही, म्हणून हे पत्र.

त्याच तक्त्यातले कर्नाटक पाहा. २०१५-१६ च्या चौथ्या सर्वेक्षणात तिथल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २०.६ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले होते. पाचव्या सर्वेक्षणात हा आकडा ४४.४ टक्के झाला. त्याच काळात महाराष्ट्र २१.३ वरून २५.२ वर गेला आणि देशाचा आकडा ३१.२ वरून २९.३ वर उतरला. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतील मुलाखती टाळेबंदीपूर्वीच संपल्या होत्या, त्यामुळे कोविडकडेही बोट दाखवता येत नाही. शिवाय हा प्रश्न गेल्या वर्षापुरता नसून लग्नापासून आजवर कधी असे घडले का, असा आहे; असा आजन्म अनुभवाचा आकडा चार वर्षांत दुप्पट होणे अवघड असते. सीमेपलीकडचे नवरे चार वर्षांत दुपटीने हात उगारू लागले, की दोन पाहण्यांत विचारणाऱ्या बायका, त्यांचे प्रशिक्षण आणि बसायला मिळालेली जागा वेगळी होती? दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय पहिल्याचे उत्तर देता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

जागेचा मुद्दा वाचकांना किरकोळ वाटेल, म्हणून माण तालुक्यातील एक दुपार सांगते. घर दोन खणांचे, पुढे ओसरी. सून पंचविशीची; आम्ही बसलो ओसरीवर, कारण आत स्वयंपाकाच्या धुराने बसवत नव्हते. सासूबाई तीन हातांवर लसूण सोलत बसल्या होत्या. मुलांची जन्मतारीख, लसीकरण, हिमोग्लोबिन असे सगळे सुरळीत चालले होते. मग तो विभाग आला. पतीने कधी ढकलले का, चापट मारली का, हात पिरगाळला किंवा केस ओढले का, लाथ मारली का, अशी एकेक कृती नावानिशी विचारायची असते. नियमाप्रमाणे मी तिथेच थांबायला हवे होते. पण त्या दिवशी आणखी दोन घरे पुरी करायची होती, आणि सासूबाईंना कमी ऐकू येते असे सुनेनेच सांगितले होते, म्हणून मी आवाज खाली आणून पुढे गेले. प्रत्येक प्रश्न संपण्याआधीच तिचे ‘नाही’ येत होते. तेवढ्यात दावे तोडून शेळी पळाली म्हणून सासूबाई उठून गेल्या, आणि माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “ताई, ते हात पिरगाळण्याचं परत विचारा.” मी सगळेच प्रश्न परत विचारले. सातांपैकी चार उत्तरे बदलली. शेळीने दावे तोडले नसते तर ते घर तुमच्या तक्त्यात शांततेचे घर म्हणून गेले असते, आणि त्यात चूक माझी होती.

हे मी माझ्या अनुभवाचे सांगत असले तरी याचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या छोट्या देशात १९९० च्या दशकात याच विषयावर तीन पाहण्या झाल्या. दोन पाहण्या खास हिंसाचारासाठी आखलेल्या होत्या, तर तिसरी आपल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखी मोठी, सर्वसाधारण आरोग्य पाहणी होती. पतीकडून आयुष्यात कधी तरी मारहाण झालेल्या स्त्रियांचे प्रमाण तीन पाहण्यांमध्ये २८ टक्क्यांपासून ६९ टक्क्यांपर्यंत निघाले आणि सर्वात लहान आकडा त्या मोठ्या पाहणीचा होता. संशोधक मेरी एल्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या तीन पाहण्यांची तुलना करताना नुसते गणित मांडले नाही, तर प्रत्यक्ष मुलाखती घेणाऱ्या बायकांना एकत्र बसवून काय घडले ते विचारले. (आमच्यासारख्यांना असे कुणी विचारल्याचे मला तरी आठवत नाही.) सर्वात महत्त्वाचा फरक निघाला तो उत्तर देणारीच्या सुरक्षिततेसाठी घेतलेल्या काळजीत आणि मुलाखत कुठे, कशी झाली यात.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशा संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि पुढे दहा देशांतील सुमारे २४ हजार स्त्रियांच्या पाहणीत ती वापरली. एका घरातून एकाच स्त्रीला विचारायचे, म्हणजे विषय घरात दुसऱ्या कुणाला कळत नाही. गावात पाहणीची ओळख स्त्रियांच्या आरोग्याची पाहणी अशीच करून द्यायची. मध्येच कुणी आले तर लगेच पाळीचा किंवा मुलांच्या आहाराचा प्रश्न काढायचा. या पाहणीच्या २००५ च्या अहवालातील एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा मोठी वाटते. मारहाण झालेल्या स्त्रियांपैकी ठिकाणानुसार एक पंचमांश ते दोन तृतीयांश स्त्रियांनी त्याआधी कुणालाच काही सांगितले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या त्या वही घेऊन आलेल्या परक्या बाईशी. आपल्याकडेही पाचव्या सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी कुठे मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते. म्हणजे पोलीस ठाण्याच्या नोंदवहीपेक्षा आमच्या फॉर्मला कितीतरी जास्त कळते, आणि म्हणूनच तो कोणत्या परिस्थितीत भरला गेला याला महत्त्व आहे.

आपले सर्वेक्षण निष्काळजीपणे होते असे मला सुचवायचे नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होणाऱ्या या पाहणीत हिंसाचाराचे प्रश्न निवडक घरांतच आणि घरातील एकाच स्त्रीला विचारले जातात, त्यासाठी वेगळी संमती घेतली जाते आणि एकांत मिळाला नाही तर तो विभाग सोडून द्यावा लागतो. प्रश्नांची भाषाही सुधारत आली आहे. १९९८-९९ च्या दुसऱ्या सर्वेक्षणात ‘कुणी मारले किंवा शारीरिक त्रास दिला का’ असे ढोबळपणे विचारले, तेव्हा पतीचे नाव १९ टक्के विवाहित स्त्रियांनी घेतले; २००५-०६ च्या तिसऱ्या सर्वेक्षणात चापट, लाथ, हात पिरगाळणे असे एकेक कृतीचे नाव घेऊन विचारले, तेव्हा पतीकडून शारीरिक हिंसा सांगणाऱ्या ३५ टक्के निघाल्या. त्या सात वर्षांत खरी वाढ किती झाली हे त्या दोन आकड्यांवरून कुणालाही सांगता येणार नाही. आमच्या भागात ‘मारहाण’ हा शब्द डोके फुटल्यावर वापरतात. त्याखालचे सगळे ‘रागावतात कधीतरी’ या दोन शब्दांत मावते.

अडचण नियम आणि ओसरी यांच्यामध्ये आहे. प्रत्यक्ष मुलाखती नेमलेल्या खासगी संस्था घेतात आणि त्यांच्या मुलींना रोजचे लक्ष्य असते. मी ज्या एका संस्थेत होते तिथे पुरे भरलेल्या फॉर्मवर दिवसाचा हिशेब होत असे, आणि ‘एकांत मिळाला नाही’ असा शेरा मारून आणलेला फॉर्म म्हणजे आळस समजला जात असे. मग तेवीस वर्षांची मुलगी काय करणार? ती सासूसमोरच कुजबुजत विचारणार आणि ‘एकांत होता’ या रकान्यावर खूण करणार. हे प्रश्न प्रश्नावलीत जवळजवळ शेवटी येतात. तोपर्यंत चुलीवरचे दूध उतू गेलेले असते, बाळ रडत असते आणि दोघीही कंटाळलेल्या असतात. वाट दाखवायला बहुधा गावातलीच आशाताई बरोबर असते, जी उद्या त्याच सासूबाईंना पाणवठ्यावर भेटणार आहे. नंदुरबारमधील धडगावच्या पाड्यांवर तर आम्हाला तिथली पावरी बोली येत नसे, तेव्हा दुभाषी म्हणून शेजारचीच बाई घ्यावी लागे. नवऱ्याने केलेल्या बळजबरीचा प्रश्न शेजारणीच्या तोंडून विचारल्यावर उत्तर काय येणार, हे सांगायला कुणी संशोधक लागत नाही.

नियम काटेकोर पाळला तरी एक गळती उरतेच. ज्या घरात सुनेला वीस मिनिटेसुद्धा एकटीला बसू देत नाहीत, तिथला हा विभाग सोडून दिला जातो. ते योग्यच आहे, कारण आकड्यासाठी तिला संध्याकाळी मार बसता कामा नये. पण अशी घरे हिशेबातून वगळली गेली की आकडा कोणत्या बाजूला झुकेल, हे उघड आहे.

समोरासमोर विचारण्याऐवजी वेगळ्या वाटाही निघाल्या आहेत. एका पद्धतीत स्त्रीला चार-पाच विधाने वाचून दाखवतात आणि त्यातली किती खरी एवढीच संख्या तिने सांगायची असते, कोणती ते नाही. अर्ध्या स्त्रियांच्या यादीत मारहाणीचे एक विधान जादा असते. दोन गटांच्या सरासरीतल्या फरकावरून प्रमाण काढतात. नायजेरिया आणि रवांडामध्ये संशोधक क्लेअर कलेन यांनी हे करून पाहिले. थेट विचारण्याच्या तुलनेत नायजेरियात ३९ टक्क्यांपर्यंत जास्त, तर रवांडात दुप्पट प्रमाण मिळाले. त्याहून गंभीर बाब अशी की लपवण्याचे प्रमाण सर्वत्र सारखे नव्हते. स्त्रीचे शिक्षण, नोकरी आणि भोवतालच्या समजुती यांच्याशी त्याचा संबंध होता. शिकलेल्या घरांत मारहाण कमी असते हे आपण वर्षानुवर्षे अशाच तक्त्यांवरून सांगत आलो आहोत. शहरातल्या फ्लॅटमध्ये मला एकांत नेहमी मिळाला, दार लावून घेता आले, सरबतही मिळाले. पण ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ हे उत्तर मी सर्वात जास्त तिथेच ऐकले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सुशिक्षितांना जास्त चांगले कळते. अर्थात यादीच्या या पद्धतीने एखाद्या बाईचे काय झाले ते कळत नाही, केवळ गटाचे प्रमाण कळते, त्यामुळे ती जुन्या पद्धतीची जागा घेऊ शकणार नाही. जुन्या पद्धतीतून किती निसटते, हे पाहण्यापुरती ती काही जिल्ह्यांत जरूर वापरावी.

मुलाखतीत व्यत्यय आला का, पती आला की दुसरा पुरुष की दुसरी स्त्री, एकदा की अनेकदा, ही नोंद या प्रश्नावलीच्या शेवटी आम्ही प्रत्येक फॉर्मवर करत असू. एकांताअभावी हा विभाग किती ठिकाणी सोडावा लागला, तेही मोजलेले असते. पण आपल्यासारखी वृत्तपत्रे ज्यावरून बातमी करतात त्या राज्यांच्या तथ्यपत्रकात यातले काहीच नसते. देवनारच्या संस्थेने हे दोन आकडे प्रत्येक राज्याच्या टक्केवारीशेजारी त्याच ओळीत द्यावेत आणि ठेकेदार संस्थांनी एकांत न मिळाल्याचा फॉर्म पुरा फॉर्म म्हणून मोजावा, अशी माझी विनंती आहे. आपल्याकडून अपेक्षा त्याहून लहान आहे. पुढच्या फेरीचा तक्ता छापताना एखाद्या राज्याचा आकडा उतरलेला दिसला, तर ‘घट’ हा शब्द मथळ्यात घालण्यापूर्वी त्या राज्यात किती मुलाखतींत कुणीतरी मध्ये येऊन बसले होते, एवढे आपल्या वार्ताहराने देवनारला फोन करून विचारावे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त सर्वेक्षण पर्यवेक्षक, सातारा