पतंग उतरवायला जागा अन् पाण्याचा बोर्ड, दोन्ही पाहिजेत

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत तुम्ही काइटसर्फिंगवर, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीनं फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरायच्या खेळावर लेख छापला, फोटो एक नंबर होते, पण अख्ख्या लेखात पाणी कसं आहे अन् तो एवढा मोठा पतंग उतरवायचा कुठं याबद्दल एक ओळ नाही, म्हणून हे पत्र. आता लातूरच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय असं वाटेल तुम्हाला, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी प्यायलेली माणसं आम्ही. पण आमची लेक मुंबईत नोकरीला आहे, गोव्यात मोरजीला जाऊन हा खेळ शिकून आली, आणि आता तिच्या ग्रुपचं चाललंय की दर वेळी गोव्याला कशाला जायचं, मुंबईच्याच बीचवर करू. तिथं माझा जीव खालीवर होतो.

खेळाला माझा विरोध नाही बरं का. 2024 च्या ऑलिम्पिकला फ्रान्समधल्या मार्सेच्या समुद्रात तो पहिल्यांदा खेळवला. पण त्याच ऑलिम्पिकला तिकडं पॅरिसात सीन नदीचं पाणी टेस्टमध्ये घाण निघालं म्हणून पुरुषांची ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल अन् पळणं अशी शर्यत, एक दिवस पुढं ढकलली. सगळी दुनिया टीव्हीसमोर बसलेली असताना थांबवली, कारण टेस्टचा आकडा समोर होता.

आपल्याकडं आकडा नाही असं नाही. प्रदूषण मंडळ मुंबईच्या बीचचं पाणी तपासतं, वेबसाइटवर टाकतं. आंघोळीच्या समुद्रासाठी नियम असा की 100 मिलीलीटर पाण्यात फीकल कोलीफॉर्म, म्हणजे सरळ बोलायचं तर मैल्यातले जंतू, 100 च्या आत पाहिजेत. पण बीचवर उभं राहिलेल्या माणसाला हे सांगणारा बोर्ड मला तरी कुठं दिसला नाही, घोड्यावर बसायचा रेट मात्र विचारायच्या आधी कळतो. 2020 ला आपल्या देशातल्या आठ बीचना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ अन् सुरक्षित बीचचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं, पुरीचा गोल्डन बीच त्यातलाच, तिथं पाण्याचा रिपोर्ट बीचवर लावणं ही अटच आहे. मग मुंबईत काय अडचण आहे? आणि जोराचा पाऊस झाला की नाले धो धो समुद्रात येतात, त्यानंतर दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नये हे बाहेरच्या देशात लहान लेकरांनाही माहीत असतं. या खेळात नवशिक्याला सुरुवातीला पायाखालच्या फळीशिवाय नुसतं पतंगाच्या ओढीनं पाण्यातून घसटत जायला शिकवतात, तेव्हा नाका-तोंडात किती पाणी जातं ते विचारूच नका. लेकीला एकदा मुंबईच्या समुद्रात पोहून आल्यावर कानाचा त्रास झाला, पाण्यानंच झाला असं मी म्हणत नाही, पण डॉक्टरनं पहिला प्रश्न तोच विचारला.

आता उतरवण्याचं. हे मी मोरजीला वाळूत बसून बघितलंय म्हणून लिहितो. पतंग म्हणजे नऊ ते बारा चौरस मीटरचं कापड, पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी, अन् खाली वीस-पंचवीस मीटरच्या दोऱ्या. उतरवायचा असला की पोरगी डोक्यावर हात थापटते, किनाऱ्यावरचा शिकलेला माणूस अंगठा दाखवतो, मग ती पतंग वाऱ्याच्या कडेला खाली खाली आणते, तो माणूस नळीच्या बरोबर मधोमध धरतो, दोऱ्यांना हात लावत नाही, मग पोरगी दोन पावलं पतंगाकडं चालते तेव्हा दोऱ्या सैल पडतात, अन् तो माणूस पतंग पालथा करून नळी वाऱ्याकडं ठेवतो आणि वर वाळू टाकतो. बघायला दोन मिनिटाचं काम. पण मध्ये कुणी हौशी माणूस मदत करायला धावला अन् त्यानं ताणलेली दोरी धरली तर संक्रांतीला नायलॉन मांजा जे करतो तेच होणार.

अन् मुंबईत दुपारचा वारा समुद्रावरून तिरका किनाऱ्याकडं येतो. त्यामुळं माणूस खोल समुद्रात वाहून जायची भीती कमी, पण सुटलेला पतंग सरळ भेळेच्या गाड्यांवर अन् वाळूत किल्ले करणाऱ्या लेकरांवर. हँडलला सेफ्टी असते, ओढली की पतंगाची ताकद जाते, पण ती ओढायला डोकं ठिकाणावर पाहिजे आणि वारा जिकडं वाहतो त्या अंगाला मोकळी जागा पाहिजे. रविवारी संध्याकाळी जुहूला ती कुठून आणायची? म्हणून झेंडे लावून एक पट्टा वेगळा ठेवा, वेळ ठरवा, गर्दीच्या वेळी सरळ बंद, आणि लाइफगार्डला पतंग धरायचं ट्रेनिंग द्या. यात कोट्यवधीचं टेंडर काढायची काही गरज नाही, म्हणूनच कदाचित होत नसेल.

जाता जाता, आमच्याकडं काही उत्साही लोक म्हणतात समुद्र नाही तर नाथसागर आहे की, वारा पण आहे. अहो, जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात, संभाजीनगर ते पाणी पितं. तिथं बारा मीटरचे पतंग फडफडवायचे नाहीत, तो विषय इथंच मिटवा.

तुमच्या मुंबई आवृत्तीत भरती-ओहोटीच्या वेळा येतात, त्याच्याच खाली त्या त्या बीचचा पाण्याचा आकडा अन् तपासल्याची तारीख पण छापत जा, एवढं तर तुमच्याच हातात आहे.

आपला,
एक वाचक, लातूर