वर्डप्रेसमधील बदल मूळ फाइलींत नकोत, फिल्टर हुकमधून हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी साहित्य संस्था, ग्रंथालये, शाळा आणि दिवाळी अंक यांची अनेक संकेतस्थळे वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर उभी आहेत. ती करून देणारे लोक मराठीसाठी लागणारे बदल बहुधा थेट थीमच्या (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या तयार साच्याच्या) किंवा क्वचित वर्डप्रेसच्याच मूळ फाइलींत करतात. मग थीम अद्ययावत केली की नव्या फाइली जुन्यांची जागा घेतात आणि सगळे बदल पुसले जातात. ते टाळण्यासाठी संस्था अद्ययावत करणेच थांबवते आणि सुरक्षेतील ज्ञात त्रुटींसह संकेतस्थळ वर्षानुवर्षे तसेच चालू राहते. मला हे अत्यंत चिंताजनक वाटते, कारण यावरचा उपाय वर्डप्रेसमध्ये २००४ सालच्या १.२ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

हा उपाय म्हणजे फिल्टर हुक, म्हणजे वर्डप्रेसच्या कामात आपला कोड अडकवण्यासाठी ठेवलेली जागा. लेखाचा मजकूर, शीर्षक, दिनांक, सारांशाची लांबी असे कोणतेही मूल्य वापरण्यापूर्वी वर्डप्रेस ते त्या नावाच्या फिल्टरला जोडलेल्या फंक्शनांकडे (ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांकडे) क्रमाने सोपवते आणि त्यांनी परत केलेले मूल्य पुढे वापरते. आपले फंक्शन एका छोट्या स्वतंत्र प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला जोडायच्या पूरक प्रोग्राममध्ये) लिहून 'ॲड फिल्टर'ने जोडले की मूळ फाइलींना हात लावावा लागत नाही. पथ्य एकच, की फंक्शनने मूल्य परत केलेच पाहिजे. ते विसरल्यास लेखाच्या जागी कोरे पान दिसते.

मराठीपुरते बोलायचे तर दिनांकातील आकडे देवनागरीत आणणे हे काही ओळींचे काम आहे. मात्र तोच दिनांक अनेक थीम शोधयंत्रांसाठी पानाच्या अंतर्गत खुणांमध्येही लिहितात आणि तेथे देवनागरी आकडे गेले तर यंत्राला तारीख कळत नाही. 'गेट द डेट' हा फिल्टर दिनांकाबरोबर त्याची मांडणीही (दिनांक कोणत्या स्वरूपात लिहायचा ते) पुरवतो. ती तपासून वाचकांना दिसणाऱ्या दिनांकाचेच आकडे बदलावेत. जोडताना आपल्याला एकाहून अधिक मूल्ये हवी आहेत हे सांगावे लागते, अन्यथा पहिलेच, म्हणजे फक्त दिनांक, मिळते.

याहून महत्त्वाचा प्रश्न लेखाच्या इंटरनेटवरील पत्त्याचा (यूआरएलचा) आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता तयार करते तेव्हा देवनागरीतील प्रत्येक चिन्हाची, म्हणजे काना, मात्रा आणि हलन्ताचीही, नऊ अक्षरांची सांकेतिक रूपे होतात आणि एकूण मर्यादा २०० अक्षरांची असते. त्यामुळे 'महाराष्ट्रातील ग्रंथालयांचे वार्षिक अहवाल' या शीर्षकाचा पत्ता 'ग्रंथालय' येथेच तुटतो. 'सॅनिटाइझ टायटल' या फिल्टरला रोमन लिप्यंतर करणारे फंक्शन जोडले तर पत्ता आटोपशीर आणि पूर्ण राहतो. वर्डप्रेसचे स्वतःचे रूपांतर १० या प्राधान्यक्रमाला होते आणि लहान क्रमांक आधी चालतो. म्हणून आपले फंक्शन ९ वर जोडावे, नाहीतर त्याच्या हाती देवनागरी उरतच नाही.

म्हणून संस्थाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की संकेतस्थळाचे काम देताना सर्व बदल हुकमधून, स्वतंत्र प्लगइनमध्ये केले जातील आणि त्याची प्रत संस्थेच्या ताब्यात राहील, अशी अट करारातच घालावी. महाविद्यालयांनीही वर्डप्रेस शिकवताना तयार थीम बसवण्यावर न थांबता हुकचा सराव करून घ्यावा. पत्त्यांच्या बाबतीत तर घाई आवश्यक आहे, कारण लेखाचा पत्ता एकदा डेटाबेसमध्ये साठवला गेला की नंतर जोडलेला फिल्टर तो सुधारत नाही, आणि प्रसिद्ध झालेले पत्ते हाताने बदलल्यास इतरांनी दिलेले दुवे तुटण्याचा धोका असतो. तेव्हा हे प्लगइन पहिला लेख चढवण्यापूर्वीच बसवलेले असावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा