जळगावच्या विद्यापीठाच्या टेकडीवर सातपुड्याची झाडं लावा

संपादक साहेब, नमस्कार.

मी यावल तालुक्यातला एक नर्सरीवाला. पावसाळा तोंडावर आला की आम्हाला शाळा-कॉलेजचे फोन सुरू होतात, बॉटनिकल गार्डन करायचंय, रोपं पाठवा. यादी काय तर बॉटल पाम, सायकस, क्रोटन, कोनोकार्पस, आणि लॉन किती फूट बसेल तेवढं सांगा, कॉलेज तपासणारी कमिटी यायच्या आत हिरवं दिसलं पाहिजे. माल मी देतो, धंदा आहे, नाही कशाला म्हणू. पण गेटवर पाटी बॉटनिकल गार्डनची आणि आत बघावं तर मंगल कार्यालयापुढची बाग.

बॉटनिकल गार्डनमधे प्रत्येक झाडाला नंबर असतो, बी कुठल्या जंगलातून आलं, कोणी आणलं, कोणत्या तारखेला, सगळं रजिस्टरला लिहिलेलं. उद्या त्या जंगलातलं ते झाड संपलं तर त्याच मुलखाचं बी परत नेऊन लावता येतं, सगळा खटाटोप त्यासाठीच. इटलीत पादुआच्या विद्यापीठाने 1545 मधे औषधी वनस्पतींची बाग केली, पोरांना अस्सल मुळी कोणती आणि भेसळ कोणती ते ओळखता यावं म्हणून, आणि ती बाग आजही आहे. तिथेही चोऱ्या व्हायच्या म्हणून गोल भिंत बांधावी लागली. आपल्याकडे कॅम्पसमधला चंदन रातोरात जातो, त्यांनी निदान भिंत तरी बांधली.

लांब कशाला जायचं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं लीड बोटॅनिकल गार्डन आहे, तिथे कंदीलपुष्पाच्या, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या रानवेलीच्या, दुर्मिळ जाती वाढवून जपल्यात. चांगलंच आहे ते. पण त्यांच्या हवेत आपली झाडं कशी जपली जाणार? सह्याद्रीच्या फुलांचं कौतुक सगळ्यांना, आपलं सातपुड्याचं कोरडं जंगल उन्हाळ्यात नुसतं काड्यांसारखं दिसतं म्हणून तिकडे कोणी कॅमेरा घेऊन जात नाही. भुसावळ-जळगावच्या 45 डिग्रीत जे टिकतं ते इथेच जपावं लागेल ना.

अंजनच घ्या. पान आपट्यासारखं, फक्त पार देठापर्यंत फाटलेलं, म्हणजे दोन पानं जोडून लावल्यागत, जगात मूळचं फक्त भारतातलं, आणि सातपुड्याच्या पायथ्याला अजून भेटतं. पण हे झाड नर्सरीला जुमानत नाही. रोप वर वीतभर दिसतं तेव्हा मूळ खाली पिशवीच्या तळाला जाऊन गोल फिरलेलं असतं, तसं लावलं की एखाददोन वर्ष जगल्याचं दाखवतं आणि मग एका मे महिन्यात वाळून जातं. त्याला लांब नळीसारखी पिशवी पाहिजे नाहीतर बी सरळ जागेवरच टोचायचं. शिवाय बी दरवर्षी भरपूर धरत नाही, धरलं त्या वर्षी गोळा केलं नाही तर बसा वाट बघत. असलं ज्ञान पुस्तकात एक ओळ असतं, पोराने स्वतः दहा रोपं मारली की कायमचं कळतं. चारोळीचे हाल तर बघवत नाहीत, पिकायच्या आत फांदीसकट ओरबाडतात, मग जंगलात बी पडणार कुठून. सफेद मुसळीचंही तेच, कंदच खणून नेला की पुढच्या पावसात उगवेल काय.

आणि शिकवण्याचं म्हणाल तर बॉटनीच्या पोरांचं मोहाचं झाड फुललेलं बघायचं राहूनच जातं, ते फुलतं मार्च-एप्रिलमधे, तेव्हा यांच्या परीक्षा. हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून कागदावर लावलेल्या झाडांच्या नमुन्यांचं, सबमिशन आलं की घोळकाच्या घोळका डोंगरावर जातो आणि कळलावी, कंदीलपुष्प जे दिसेल ते कंदासकट उपटून कागदाला चिकटवतो, काही हुशार लोक सिनियरची जुनीच शीट नाव बदलून देतात (खरं सांगायचं तर झाडाच्या दृष्टीने हेच बरं). कॅम्पसमधे ही झाडं असली तर एक फांदी कापून सगळ्या वर्गाचं काम होईल, वर्षभर तेच झाड फुलताना फळताना बघता येईल ते वेगळंच.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बांभोरीजवळ टेकडीची जागा आहे. खडकाळ आहे म्हणून नाक मुरडू नका, सलई, धावडा, अंजन यांना अशीच जागा लागते, काळ्या मातीत केळी लावतात. माझं म्हणणं एवढंच की त्यातली एक टेकडी फक्त सातपुड्याच्या झाडांना द्या, शोभेचं एक रोप नको, लॉन तर नकोच. पाण्याचं कारण कोणी सांगू नये, ठिबकसाठी देशभर नाव असलेल्या जळगावात ते शोभत नाही. खरी अडचण माळ्याची आहे. कंत्राटी माणूस सहा महिन्यात बदलतो, नव्याला काय माहीत ही काडी वाळलेली नाही, पावसाळ्यात फुटणार आहे, तो उपटून टाकतो आणि वर साफसफाई केली म्हणून सांगतो. पाल, धडगाव भागातली पावरा आणि भिल्ल माणसं पाना-सालीवरून झाड ओळखतात, त्यातली चार-पाच कायम नोकरीवर घ्या, पोरांनी त्यांच्या मागे फिरावं. प्राध्यापकांनीही फिरायला हरकत नाही.

माझ्या बांधावर अंजनाची दोन जुनी झाडं आहेत. शेंगा धरल्या तर मेमधे बी फुकट देईन, कुठल्या झाडाचं, कुठल्या शिवारातलं, तारीख, सगळं पाकिटावर लिहून.

एक नर्सरीवाला,
ता. यावल, जि. जळगाव