‘ऐ मालिक’ शिकवणाऱ्या आमच्या गाण्याच्या बाईंना

बाई, नमस्कार.

मे महिन्यात शाळेत आमच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला, गुडघ्यांमुळे तुम्हाला यायला जमलं नाही, आणि त्या दिवशी जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये. फोनवर बोलायला गेले की रडू येतं म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुमचे आभार उघडच मानायचे होते.

सातवीत होते मी. आमच्या आण्णांच्या, म्हणजे चुलत्यांच्या हातून बांधावरच्या भांडणात एक माणूस गेला आणि आण्णांना शिक्षा झाली. परिपाठाला उभी राहिले की मागून कुजबुज यायची, ‘बंदे आली, बंदे आली’. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ मधलं बंदे म्हणजे बंदिवान असंच पोरांना वाटायचं, खरं तर मलाही तसंच वाटायचं, म्हणून मी मुद्दाम उशिरा यायला लागले, प्रार्थना संपली की हळूच वर्गात.

तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. गाण्याच्या तासाला पेटी उघडलीत पण भाता हलवलाच नाही, नुसतं बोलत बसलात. बंदा म्हणजे देवाचा माणूस, बंदी म्हणजे कैदी, दोन शब्दांत फक्त काना-वेलांटीचा फरक आणि तो सगळा सिनेमा त्या फरकावर उभा आहे, असं म्हणालात. मग ‘दो आँखें बारह हाथ’ची गोष्ट सांगितलीत. खून केलेले सहा कैदी, म्हणजे बारा हात, आणि त्यांना पडीक जमिनीवर शेती करायला घेऊन जाणारा जेलर, त्याचे दोन डोळे. पळून जायचं ठरवलं तरी ते डोळे त्यांना जाऊ देत नाहीत. आणि म्हणालात, ही प्रार्थना या सहा जणांच्या गोष्टीतली आहे, आपण रोज म्हणतो ती. अख्खा वर्ग गप्प झाला होता बाई.

नंतर एकेक ओळ उलगडलीत. यात सुटका मागितलेली नाही, तर चांगल्या वाटेनं चालावं आणि मरताना हसत मरता यावं, एवढंच मागणं आहे. माणूस फार कमजोर आहे, त्याच्यात लाखो उणिवा आहेत, हे शाळेतली गुणी मुलं म्हणतात तेव्हा ते पाठांतर असतं, पण ज्याच्या हातून खरंच काही घडलंय त्यानं म्हटलं की त्याला वजन येतं, असंही तुम्ही म्हणालात. तेव्हा पहिल्यांदा मला आण्णांची लाज न वाटता नुसती आठवण आली.

पुढे मोठी झाल्यावर मी या सगळ्यामागे लागले. गोष्ट गदिमांची, आपल्याच आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या माणसाची, आणि ती ज्यावरून सुचली ते स्वतंत्रपूर पण आटपाडीजवळच. 1939 साली औंध संस्थानात मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनियरच्या कल्पनेतून भिंती नसलेला तुरुंग उभा राहिला, आजही तिथे कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात. सिनेमा 1957 चा. शब्द भरत व्यासांचे, चाल वसंत देसाईंची, आवाज लताबाईंचा. आणि ‘गुड्डी’मधली ‘हमको मन की शक्ति देना’ ही चालसुद्धा वसंत देसाईंचीच, म्हणजे आपल्या किती शाळांची सकाळ कोकणातल्या एकट्या माणसानं लावून दिलीय बघा.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. त्या तासाला तुम्ही एक कडवं वगळलंत. जुलूम करणारे समोर आले तरी आम्ही भलंच करावं, सूड घ्यायची इच्छा नसावी, ते. आम्ही विचारलं तर म्हणालात, ‘त्याला वेळ लागतो, ते नंतर.’ मला वाटलं तास संपत आला म्हणून. माझ्या मागे दोन बाकं सोडून कोण बसायचा ते तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्यांचा माणूस गेला त्यांचा मुलगा. त्याचे वडील जाऊन सहा महिने झालेले आणि त्याच्या तोंडून हे म्हणवून घ्यायचं तुम्हाला पटलं नाही. त्या दिवशी तुम्ही माझ्या एवढंच त्याला पण सांभाळत होतात, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

मेळाव्यात प्रार्थना झाली. पेटी होती, वाजवायला तुम्ही नव्हता, मोबाईलवर ट्रॅक लावला होता. ते कडवं आलं तेव्हा माझा आवाजच निघेना, ओठ हलवत उभी राहिले. आणि मागून त्याचा आवाज येत होता बाई, मोठ्यानं, सगळ्या ओळी पाठ.