किराणा व्यापाऱ्याचे मृत्युपत्र आणि रग्बीची शाळा

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या संस्थेला जमीन देणगी मिळणार असल्याचे वाचून फार आनंद झाला. दानपत्र करण्याआधी इकडच्या एखाद्या जुन्या शाळेची व्यवस्था कशी चालत आली ते कळव, असे तू लिहिलेस, म्हणून इंग्लंडच्या वॉरिकशायर परगण्यातल्या रग्बी गावच्या शाळेची हकीकत सविस्तर लिहितो.

रग्बी म्हटले की आपल्याला खेळच आठवतो. त्या शाळेचा संस्थापक लॉरेन्स शेरीफ हा लंडनमध्ये किराणा आणि मसाल्यांच्या व्यापारात पुढे आलेला, पहिल्या एलिझाबेथ राणीला माल पुरवणारा गृहस्थ. रग्बी आणि शेजारच्या ब्राउन्सओव्हरच्या मुलांना फुकट शिकता यावे, म्हणून १५६७ साली त्याने मृत्युपत्र केले. आधी त्यात रोख शंभर पौंड होते. पुढे त्याच वर्षी पुरवणी जोडून ती तरतूद त्याने बदलली आणि लंडनच्या वेशीबाहेरच्या २४ एकर कुरणाचा तिसरा हिस्सा शाळेच्या नावे केला. शाळेचे पुढचे सारे भाग्य या एका बदलात आहे, असे माझे ठाम मत आहे. रोख रक्कम केव्हाच आटली असती. कुरण मात्र शहर वाढत गेले तसे त्याच्या पोटात आले, त्यावर घरे उठली आणि भाड्याचे उत्पन्न वाढत गेले. त्याच कुरणाच्या जागी, लॅम्ब्ज कॉन्ड्युइट स्ट्रीटला लागून आजही रग्बी स्ट्रीट नावाची आखूड गल्ली आहे. दोन्ही बाजूंना जुनी विटांची घरे, खाली दुकाने. लंडनला गेलो असताना त्या गल्लीतून मी मुद्दाम चालत गेलो.

उत्पन्न वाढले, नाव झाले आणि दूरदूरच्या सधन घरांतली मुले वसतिगृहांत राहायला येऊ लागली. थॉमस अर्नोल्ड हे १८२८ ते १८४२ मुख्याध्यापक होते. त्यांच्या काळात तर शाळेची कीर्ती देशभर पसरली. तरीही गावातल्या मुलांचा हक्क काही काळ टिकून होता. १८२३ साली फुटबॉल खेळताना चेंडू हातात घेऊन धावल्याची आणि त्यातून रग्बीचा खेळ जन्मल्याची आख्यायिका ज्याच्या नावावर आहे, तो विल्यम वेब एलिस असाच फुकट शिकणारा मुलगा होता. वडील लढाईत पडल्यावर त्याची आई दोन्ही मुलांना घेऊन रग्बीत राहायला आली, ती याच सवलतीसाठी. आख्यायिकेला पुरावा तोकडा आहे. १८४५ साली विद्यार्थ्यांनी खेळाचे नियम लिहून काढले, ही गोष्ट मात्र पक्की आहे.

शाळेकडे काय नाही? विल्यम बटरफील्डने बांधलेले, रंगीत विटांच्या पट्ट्यांचे चॅपल आहे, व्हिक्टोरियन काळातील दुर्बीण असलेली वेधशाळा आहे, १९०९ साली सातव्या एडवर्ड राजाने उघडलेले टेंपल स्पीच रूम हे सभागृह आहे आणि ज्यावर तो खेळ घडला ते ‘द क्लोज’ नावाचे विस्तीर्ण मैदान आहे. हे सगळे पाहून मन भरून येते, पण व्यापाऱ्याने ज्यांच्यासाठी जमीन दिली त्यांच्या वाट्याला यातले किती आले, हा प्रश्न मला सोडत नाही. नामांकित खासगी शाळांसाठी झालेल्या १८६८ च्या पब्लिक स्कूल्स कायद्यानंतर कारभाराची नवी घडी बसली आणि १८७८ साली गावातल्या मुलांसाठी वेगळी शाळा निघाली. क्लिफ्टन रोडवरची ती लॉरेन्स शेरीफ शाळा आज ग्रामर स्कूल आहे. तिथे फी नाही, मात्र प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. संस्थापकाचे नावही या धाकट्या शाळेलाच मिळाले, हे मला फार योग्य वाटते. मोठ्या शाळेनेही २००३ पासून अर्नोल्ड फाउंडेशनमार्फत गरजू मुलांना वसतिगृहासह शिकवण्याची सोय केली आहे.

तेव्हा तुमच्या दानपत्रात जमीन विकता येणार नाही, हे कलम असेलच. पण प्रवेशात गावच्या मुलांचा हिस्सा किती आणि पुढचे विश्वस्त तो कमी करू शकतील का, हेही वकिलांकडून स्पष्ट लिहून घे. मसुदा तयार झाला की सहीआधी मला पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत