फॉरमॅट मारण्याआधी डिस्क तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर जवळ आली की सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांवर ऑफिसच्या मशिनींची गर्दी होते. नवी पेठेतली दुकाने, मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या पेढ्या, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलचे कारखाने, पतसंस्था, वकिलांची कार्यालये, सगळ्यांची तक्रार एकच असते: "मशिन स्लो झालंय, सारखं हँग होतंय." त्यावर फार ठिकाणी उत्तरही एकच मिळते: "फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखं चालेल." या एका उत्तरापायी टॅलीचे हिशेब आणि सभासदांच्या याद्या कायमच्या जातात. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

मशिन स्लो का झाले हे न पाहता फॉरमॅट मारले, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने भरले, तर मूळ दोष जागेवरच राहतो. डिस्क खराब होत आली असेल तर नवे विंडोज त्याच खराब डिस्कवर चढते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा रडगाणे सुरू होते. तोवर जुना डेटा मात्र गेलेला असतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतर काही फाइली परत मिळू शकतात, पण नवे विंडोज ज्या जागेवर लिहिले गेले तिथले काही हाती लागत नाही. एसएसडीची, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या डिस्कची गोष्ट आणखी कठीण. फॉरमॅट होताच विंडोज तिला मोकळ्या झालेल्या जागेची सूचना देते आणि एसएसडी ती जागा आतल्या आत पुसून टाकते. तिथून डेटा परत मिळण्याची आशा बहुधा सोडावी लागते.

म्हणून पहिले काम डिस्कची तब्येत पाहण्याचे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो पेन ड्राइव्हवरून चालवावा, आजारी डिस्कवर काहीही नवीन इन्स्टॉल करू नये. यात चार ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे डिस्कने खराब ठरवून बदललेल्या जागा, सी५ म्हणजे वाचता येत नसल्यामुळे निकालाच्या प्रतीक्षेतल्या जागा, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेल्या जागा. या तिन्हींत शून्यापलीकडे आकडा दिसला आणि तो वाढत असेल, तर डिस्क जाणार हे धरून चालावे. आकडे सोळाच्या पद्धतीत दिसतात, त्यामुळे तिथला १० म्हणजे आपले १६. चौथी ओळ सी७, म्हणजे डेटाची ने-आण होताना झालेल्या चुका. बाकीच्या तिन्ही शून्य आणि फक्त सी७ वाढत असेल, तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसून तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल बदलावी. जुना आकडा खाली येत नाही, पण पुढे वाढायचा थांबतो. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलसाठी चांगली डिस्क फेकून दिली जाते, ती या ओळीकडे कोणी पाहत नाही म्हणून.

डिस्क आजारी दिसली तर चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा लगेच चालवू नका. विशेषतः स्लॅश आर लावून चालवलेली चेकडिस्क संपूर्ण डिस्क घासून वाचते आणि मरायला टेकलेल्या डिस्कचा उरलासुरला जीव त्यातच जातो. शिवाय तुटलेल्या फाइलींचे तुकडे ती आपल्या हिशेबाने जोडते वा छाटते. आधी डेटा बाहेर काढायचा, दुरुस्ती त्यानंतर. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर एवढेही करू नये. मशिन बंद करावे आणि डिस्क थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे द्यावी. दर वेळी चालू करून पाहण्याने आतल्या तबकड्या ओरखडल्या जातात. झाकण उघडणे तर कोणत्याही दुकानात होता कामा नये.

डेटा काढताना छोटे आणि मोलाचे आधी, फोटो आणि व्हिडिओ शेवटी. टॅलीप्राइमचा डेटा नेहमीच्या सेटिंगमध्ये सी ड्राइव्हमधल्या यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या फोल्डरमध्ये असतो. प्रत्येक कंपनीचे फोल्डर आकड्यांच्या नावाचे असल्याने अनोळखी माणसाला ते कामाचे वाटतच नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स घ्याच, शिवाय आउटलुकमधले मेल साठवणारी पीएसटी फाइल आणि ब्राउझरचे बुकमार्क. हमखास विसरतात ते फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले ठराव आणि अर्ज तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर उघडले की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. विंडोजमधले फॉन्ट्सचे फोल्डर अख्खे उचलून ठेवावे. डिजिटल सहीचा टोकन वेगळा असतो, तो सुरक्षित राहतो. नव्या विंडोजवर त्याचा ड्रायव्हर तेवढा टाकावा लागतो. टोकन ओळखला जात नाही म्हणून कोणी त्याच्या सॉफ्टवेअरमधले इनिशियलाइझ दाबले, तर आतली सही पुसली जाते आणि नवी काढावी लागते. ते बटण कोणाला दाबू देऊ नका.

कॉपी झाली की दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा आणि चार-पाच फाइली दुसऱ्या मशिनवर प्रत्यक्ष उघडून पाहा. मशिन मधूनच निळा पडदा दाखवत असेल तर कॉपीआधी रॅम तपासायला हवी, कारण बिघडलेल्या रॅममधून गेलेली फाइल आकाराने बरोबर आणि आतून बिघडलेली असू शकते. त्यासाठी मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवावा. एक जरी चूक दिसली तरी डिस्क काढून दुसऱ्या मशिनला जोडावी आणि कॉपी तिथे करावी. मात्र त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाती असल्याशिवाय डिस्क हलवू नये, मदरबोर्डही बदलू नये. ही की बहुधा त्या मशिनवर वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खराब जागा असलेली डिस्क असेल तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा कॉपी करणारा प्रोग्रॅम वापरावा. तो चांगला भाग आधी उचलतो, अडणारा भाग मागे ठेवतो आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतो, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

डिस्क धडधाकट निघाली तर स्लो होण्याचे कारण दुसरीकडे शोधायचे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. काही चालू नसताना डिस्क १०० टक्के आणि मेमरी ८५-९० टक्के दिसत असेल तर ४ जीबी रॅम अपुरी पडते आहे आणि विंडोज डिस्कलाच रॅम म्हणून राबवते आहे. ८ जीबी करा. विकत घेण्याआधी डीडीआर३ की डीडीआर४ ते पाहा, एकाच्या जागी दुसरी बसत नाही. फिरती हार्ड डिस्क असेल तर २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी बसवून जुनीचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, त्यावर घ्यावा. सगळे प्रोग्रॅम, फॉन्ट आणि प्रिंटर जागच्या जागी राहतात. जुन्या मशिनचा वेग इतका वाढवणारा दुसरा खर्च नाही. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालत असतील तर एक काढा.

आपल्या गावाचा म्हणून एक दोष आहे, तो ठासून सांगायला हवा. पॉवरलूम आणि टॉवेलच्या कारखान्यांत कापसाचे तंतू हवेत असतात. प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पट्ट्यांत ते धुळीसह बसून जाड थर होतो आणि हवा जायची बंद होते. त्यात चाळिशीपलीकडचा सोलापूरचा उन्हाळा. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सकाळी दहाला बरे चालणारे मशिन दुपारी दोनला अडते आणि अर्धा तास बंद ठेवले की पुन्हा सुधारते, ते यामुळे. विंडोज बदलून यात काडीचाही फरक पडत नाही. वायर काढून ब्लोअरने धूळ उडवावी. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण जोराने फिरला तर बेअरिंग बिघडते. मग प्रोसेसरची उष्णता वरच्या पट्ट्यांकडे नेणारी थर्मल पेस्ट जुनी, वाळलेली असेल ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. कारखान्यात हे दर तीन महिन्यांनी हवे.

रोज तारीख मागे जात असेल आणि जीएसटीचे पोर्टल सुरक्षेचा इशारा देत असेल, तर मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल बदला. लाइट जाताच मशिन बंद पडत असेल तर यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी तपासा. ती दोन-तीन वर्षांत संपते, आणि टॅली डेटा लिहीत असताना लाइट गेली की हिशेब बिघडतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, त्याचा भार यूपीएसला झेपत नाही.

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, त्यामुळे सध्या बरीच मशिने तसेही नव्याने भरली जात आहेत. अशा वेळी शहरातल्या व्यापारी संघटना आणि पतसंस्थांच्या संचालकांना कळकळीची विनंती आहे. मशिन दुकानात देताना पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: डिस्कचा सिरियल नंबर, तपासणीत दिसलेले ०५, सी५ आणि सी६ चे आकडे, डेटाची प्रत कुठे काढली, आणि विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही. डिस्क बदलली तर जुनी परत मागा, दुकानात सोडू नका. तिच्यावर तारीख आणि मशिनचे नाव लिहून किमान दोन महिने कपाटात ठेवा, विसरलेली फाइल बहुधा तेवढ्यात आठवते. हिशेबाची प्रत मात्र वेगळी आणि जास्त काळ ठेवावी लागते, कारण जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने नोंदी जपणे बंधनकारक आहे. ती प्रत एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि काम झाले की डिस्क मशिनपासून काढून ठेवा. सतत जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, मशिनबरोबर तिलाही कुलूप लावतो.

आपला,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
सोलापूर