स्कॅन नाही म्हणून आजार नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मानसिक आजार मेंदूतल्या रिसेप्टरवरून (पेशींवरच्या, रसायनं पकडणाऱ्या जागांवरून) ओळखता येणार, ही कालच्या अंकातली बातमी आमच्या नानांनी ओट्यावर बसून मोठ्याने वाचली आणि माझ्या धाकट्या भावासमोरच म्हणाले, "आते तपासनी निंघनी ना, मंग गोया कसाले?" आज सकाळी भावाची रात्रीची गोळी उशीखाली सापडली.

त्याला स्किझोफ्रेनिया आहे. उपचाराआधी भाकरीत विष कालवलंय म्हणून तो आईने वाढलेलं ताट लोटून द्यायचा. स्वतः सोललेली केळी तेवढी खायचा. आज तोच माणूस रात्रपाळीची लाईट आली की कपाशीला पाणी भरायला जातो, तो या गोळीमुळे.

रिसेप्टरचं शास्त्र खरंच आहे. भावाची गोळी डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या डी-२ नावाच्या रिसेप्टरवर काम करते. त्यातले साधारण ६५ टक्के अडले की बहुतेकांना गुण येतो, ८० टक्क्यांच्या आसपास गेले की अंग ताठतं, हात थरथरतात. भावाची मान एकदा अशीच एका बाजूला ओढली गेली होती. डॉक्टरांनी डोस कमी केल्यावर सुटली. हे आकडे पेट स्कॅनच्या, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून मेंदूचं चित्र घेणाऱ्या तपासणीच्या, संशोधनातून आले. पण आजारी आणि निरोगी लोकांची मोजमापं एकमेकांत इतकी मिसळतात की एकट्या माणसाच्या स्कॅनवरून निदान होत नाही. शिवाय त्यासाठी बरेचदा वापरतात तो किरणोत्सर्गी कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणजे तो बनवणारं यंत्र स्कॅनच्या जवळच हवं. आमच्या तालुक्याला तो स्कॅन कुठून मिळणार?

डॉक्टर आजही रुग्णाशी, घरच्यांशी बोलून, लक्षणं पाहूनच निदान करतात. अर्धशिशीचंही तसंच होतं, तिला कुणी ढोंग म्हणत नाही. संशोधन अजून सुरू आहे, हे आपण अगदी शेवटच्या ओळीत छापलंत. तिथवर नाना पोचलेच नाहीत. चालू गोळ्या कुणी परस्पर बंद करू नयेत, हे त्याच पानावर ठळक छापा आणि सोबत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या.

आणखी एक. त्याच पानावर खाली 'बाहेरची बाधा, वेड, हमखास उपाय' अशी जाहिरात आहे. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अशाच एका जाहिरातीपायी वडिलांनी बैल विकला होता. ती जाहिरात उद्यापासून बंद करा.

आपला एक वाचक,
ता. अमळनेर, जि. जळगाव